पडद्यावरचं धुकं

माझ्या पहिल्या दुर्बिणीच्या केसमध्ये सर एकच वाक्य पाच-सहा वेळा म्हणाले, ‘सिस्टर, दिसत नाहीये.’ आवाज चढलेला नव्हता, पण मला घाम फुटला. नऊ वर्षं ओपन सर्जरीत, म्हणजे पोट उघडून होणाऱ्या ऑपरेशनांत, स्क्रब केलं होतं, सरांच्या हातात अवजारं दिली होती. तिथे दिसत नसेल तर काय करायचं ते हाताला पाठ होतं. रिट्रॅक्टर ओढा, मॉप द्या, सक्शन लावा, डोक्यावरचा दिवा फिरवा. इथे यातलं एकही चालेना. स्कोपच्या, म्हणजे पोटात घातलेल्या दुर्बिणीच्या, काचेवर धुकं धरत होतं आणि पडद्यावर नुसतं दूध सांडल्यासारखं पांढरं. सर थांबले, असिस्टंट थांबला, भूलतज्ज्ञ मॅडमनी मान वर करून पाहिलं. तेव्हा लक्षात आलं की सगळी खोली माझ्यासाठी थांबली आहे.

लॅप ओटीत, म्हणजे दुर्बिणीच्या ऑपरेशन थिएटरात, बदली झाली तेव्हा जुन्या मैत्रिणी म्हणाल्या होत्या, ‘अगं, अवजारं तीच, फक्त दांडे लांब.’ त्यावर मी विश्वास ठेवला, ही माझी पहिली चूक.

इनचार्ज सिस्टरांनी पहिला आठवडा मला स्क्रब होऊ दिलं नाही. टॉवरच्या मागे उभं केलं. टॉवर म्हणजे ती चाकांची मांडणी: वर मॉनिटर, खाली कॅमेऱ्याचा कंट्रोल युनिट, लाइट सोर्स, पोटात गॅस भरणारा इन्सफ्लेटर, आणि मागे वायरींचं जंजाळ. ‘सगळं काढ आणि परत जोड,’ म्हणाल्या. दिवसातून चार-पाच वेळा. मनात म्हटलं, हे काम बायोमेडिकलवाल्यांचं. पण रात्री अडीच वाजता फुटलेल्या अपेंडिक्सच्या केसला बायोमेडिकलवाला नसतो, सिस्टर असते.

सिलेंडरचा किस्सा त्याच आठवड्यातला. केस अर्ध्यावर, आणि पडद्यावर यकृत हळूहळू जवळ यायला लागलं. आधी वाटलं कॅमेरा पुढे सरकला. मग आतडी वर आली, पोटाची भिंत खाली आली, तंबूच्या काठ्या कुणी एकेक करून काढाव्यात तसं. पोट फुगवून ठेवणारा गॅस संपला होता. दुसरा सिलेंडर भरलेला होता, शेजारीच उभा होता, पण रेग्युलेटर खोलायचा पाना कुणीतरी दुसऱ्या ओटीत नेलेला. मावशी धावत जाऊन घेऊन आल्या तोवर सरांनी अवजारं बाहेर काढून हात छातीशी जोडून ठेवले होते. आता माझ्या ओटीत पाना सिलेंडरच्या मानेला साखळीनं बांधलेला आहे. पेशंट टेबलावर यायच्या आधी मी काटा बघते, भरलेल्या दुसऱ्या सिलेंडरचाही बघते, आणि नळीला फिल्टर लागलाय का तेही.

इन्सफ्लेटर वाचायला मात्र मला महिना लागला. त्यावर चार आकडे असतात: आपण ठरवलेला दाब, पोटातला प्रत्यक्ष दाब, गॅसचा वेग, आणि आतापर्यंत आत गेलेला एकूण गॅस. सुरुवातीला हे चार आकडे मला चार वेगळ्या गोष्टी वाटायच्या. खरं तर ते मिळून एकच गोष्ट सांगतात: सुईचं टोक कुठे आहे.

ती सुई म्हणजे व्हेरेस नीडल. बाहेर धारदार नळी आणि तिच्या आत स्प्रिंगवर बसलेला बोथट गाभा. अडथळा आला की गाभा मागे सरकतो आणि धार पुढे येते. पोकळीत शिरली की गाभा टक्कन पुढे उडी मारतो आणि धार झाकली जाते. यानोस व्हेरेस या हंगेरियन डॉक्टरनं ती १९३०च्या दशकात मांडली, तीही पोटासाठी नव्हे. क्षयाच्या पेशंटच्या छातीत हवा भरायची त्या काळची उपचारपद्धत होती, तिच्यासाठी फुप्फुसाला इजा होऊ नये म्हणून. इनचार्ज सिस्टरांनी हे मला सुई हातात देऊन सांगितलं आणि गाभा बोटानं दाबायला लावला. ‘उडी जाणवली? उडी नसेल तर ती सुई ट्रॉलीवर ठेवायची नाही.’ तेव्हापासून प्रत्येक केसआधी मी अंगठ्यानं ती उडी तपासते आणि सलाइन सोडून नळी मोकळी आहे का बघते.

सुई आत गेली की गॅस लिटरभर प्रतिमिनिट, एवढ्या सावकाशीनंच सुरू करायचा. सुरुवातीचा दाब दहाच्या आत, म्हणजे चार-पाच-सहा असा रेंगाळत राहिला आणि गॅस वाहत राहिला तर सगळे निश्चिंत. दाब लगेच पंधरावर आणि वेग शून्य, म्हणजे सुई चरबीत किंवा आतड्यांवरच्या पडद्यात, ओमेंटममध्ये, नाहीतर नळ बंद, नाहीतर कुणाचा तरी पाय नळीवर. पाय नळीवर असण्याचं प्रमाण तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त आहे. त्यामुळे मी आधी खाली बघते, मग सरांना सांगते.

प्रत्यक्ष कामाचा दाब बहुतेक वेळा १२ ते १५ मिलिमीटर पारा. हवा न भरता कार्बन डायऑक्साइडच का, हे मला भूलतज्ज्ञ मॅडमनी चहा पिता पिता समजावलं. तो पेटत नाही, त्यामुळे आत कॉटरी (विजेनं कापायचं-भाजायचं अवजार) चालवता येते. रक्तात पटकन विरघळतो आणि फुप्फुसातून बाहेर पडतो, त्यामुळे चुकून रक्तवाहिनीत शिरलाच तर साध्या हवेपेक्षा धोका कमी. कमी, पण नाही असं नाही. म्हणून भूलतज्ज्ञांची नजर उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडच्या आकड्यावर असते.

एका केसला गॅस सुरू होऊन मिनिटभर झालं असेल. मॉनिटरची टिकटिक संथ झाली. ओपनमध्ये तो आवाज माझ्या कानामागे असायचा, मी कधी ऐकायचेच नाही. इथे ऐकू आला. नाडी अठ्ठ्याहत्तरवरून साठ, पन्नास, बेचाळीस. मॅडम म्हणाल्या, ‘गॅस बंद.’ मी सर्क्युलेट करत होते, म्हणजे स्क्रब न होता टेबलाबाहेरची कामं बघत होते, टॉवरच्या सगळ्यात जवळ मीच. बटण दाबलं, सरांनी नळ उघडला, फुस्स करून गॅस बाहेर आला. मॅडमनी नाडी वाढवणारं अॅट्रोपिन दिलं आणि नाडी परत चढली. पोटाचं अस्तर एकदम ताणलं गेलं की व्हेगस नर्व्ह चेकाळते आणि हृदय मंदावतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं; पण वेग कमी का ठेवायचा ते त्या दिवशी कळलं. आता पहिली दोन मिनिटं मी दाब मोठ्यानं बोलते. ‘चार. सहा. आठ.’ नव्या रेसिडेंटना ते विचित्र वाटतं. वाटू दे.

परत धुक्याकडे. थंडगार एसी खोलीतली काच ३७ अंशांच्या दमट पोटात शिरली की तिच्यावर बाष्प धरणारच. थंड पेयाच्या बाटलीला बाहेरून घाम येतो तसंच. उपाय सोपा आहे. निर्जंतुक फ्लास्कमध्ये गरम सलाइन ठेवायचं, स्कोपचं टोक त्यात बुडवायचं, कोरड्या गॉजनं टिपायचं आणि लगेच आत. पहिल्या दिवशी माझं सलाइन कोमट झालं होतं आणि मला पत्ता नव्हता. पण त्याहून मोठी चूक वेगळीच होती. मी काच पुन्हा पुन्हा पुसत होते, आणि स्कोप ज्या पोर्टमधून, म्हणजे पोटात रोवलेल्या नळीतून, आत जायचा त्याच्या आतल्या बाजूला रक्त लागलेलं होतं. स्वच्छ काच त्या नळीतून जाताना दर वेळी माखत होती. पाचव्या खेपेला इनचार्ज सिस्टर मागून म्हणाल्या, ‘काच पुसतेस, दरवाजा कोण पुसणार?’ लांब चिमट्यात गॉज धरून पोर्ट आतून पुसला आणि चित्र आरशासारखं झालं.

व्हाइट बॅलन्सचीही एक गंमत आहे. तेव्हा मात्र गंमत वाटली नव्हती. कॅमेऱ्याला पांढरं म्हणजे काय ते सुरुवातीला दाखवावं लागतं. मी समोर जो गॉज होता तो धरला आणि बटण दाबलं. गॉजवर बीटाडीनचा पिवळा डाग होता. कॅमेऱ्यानं पिवळ्यालाच पांढरं मानलं आणि सगळं पोट निळसर दाखवायला लागला. यकृत जांभळं, आतडी निळी. सरांनी घाबऱ्या आवाजात विचारलं, ‘मॅडम, सॅच्युरेशन किती?’ मॅडम म्हणाल्या, ‘शंभर. का?’ मी मान खाली घातली. तेव्हापासून व्हाइट बॅलन्सचा गॉज मी वेगळा, नवा, कोरा ठेवते. स्कोप जोडून, लाइट लावून, मगच.

तीस अंशांच्या स्कोपनं मला सगळ्यात जास्त रडवलं. सरळ स्कोप जिकडे रोखला तिकडे बघतो, पण तीस अंशांचा तिरका बघतो, आणि कुठे बघतोय हे लाइट केबलच्या खांबावरून ओळखायचं. खांब वर असेल तर नजर खाली, खांब डावीकडे तर नजर उजवीकडे. कॅमेऱ्याचं डोकं मात्र जागचं हलवायचं नाही. ते फिरलं की पोटातलं क्षितिज कलतं आणि ऑपरेट करणाऱ्याचं डोकं फिरतं. असिस्टंट नसला की कॅमेरा माझ्या हातात यायचा. घरी लाटणं हातात धरून सराव केला, हे इथे पहिल्यांदाच कबूल करते.

लाइटला ‘कोल्ड लाइट’ म्हणतात. ज्यानं हे नाव ठेवलं त्यानं बहुधा केबलच्या टोकाला बोट लावलं नसेल. एकदा स्कोप बाहेर काढला, केबल सुटी करून ड्रेपवर, म्हणजे पेशंटवर पांघरलेल्या निर्जंतुक कापडावर, ठेवली, लाइट स्टँडबायवर टाकायला विसरले. वास आला म्हणून पाहिलं तर ड्रेपवर तपकिरी गोल डाग आणि मधोमध छिद्र. खाली पेशंटची मांडी. ड्रेप जाड होता म्हणून वाचलो. कातडीपर्यंत गेलं असतं तर भुलेत असलेल्या बाईला ‘आई गं’ म्हणायचीही सोय नव्हती. इन्सिडेंट रिपोर्ट मीच लिहिला. केबल आत काचेच्या बारीक तंतूंची असते, तिला घट्ट गुंडाळलं की तंतू तुटतात. एक टोक खोलीतल्या दिव्याकडे धरून दुसऱ्या टोकात पाहिलं की तुटलेले तंतू काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात. लाइट सोर्सला जोडलेल्या चालू केबलमध्ये मात्र चुकूनही डोकावू नका.

कॉटरीबद्दल मला भीती आहे आणि ती मी मुद्दाम जपली आहे. ओपनमध्ये कॉटरीचं टोक, दांडा, हात, सगळं समोर असतं. इथे पडद्यावर दिसतो तो दांड्याचा शेवटचा तुकडा. बाकीचा दांडा पोटात असतो, आतड्याला टेकलेला असू शकतो आणि कुणालाच दिसत नाही. त्यावरचं काळं आवरण कुठे तडकलेलं असेल तर वीज तिथून निसटते. आतडं भाजलं तरी त्या क्षणी काही कळत नाही. पेशंट काही दिवसांनी ताप आणि पोटदुखी घेऊन येतो. म्हणून हुक आणि मेरीलँड (वाकड्या जबड्याचा चिमटा) लावून घेताना मी आवरणावरून नजर आणि ग्लोव्हचं बोट दोन्ही फिरवते, विशेषतः टोकाजवळ, जिथे पोर्टमध्ये आत-बाहेर घासलं जातं. एकदा नखाएवढीही नाही अशी चीर सापडली. केस सुरू होणार होती, तसा दुसरा हुक नव्हता. सर म्हणाले, ‘आजच्यापुरतं चालव.’ मी अवजार ट्रॉलीवरून काढून खालच्या ट्रेमध्ये टाकलं. दुसऱ्या ओटीतून हुक यायला वीस मिनिटं लागली आणि त्या वीस मिनिटांत माझ्याशी कुणी बोललं नाही.

अवजार देण्याची रीतही नव्यानं शिकावी लागली. सरांची नजर पडद्यावरून हटत नाही, हटूही नये. म्हणून मूठ त्यांच्या तळव्यात द्यायची आणि टोक आपणच पोर्टच्या तोंडाशी लावून द्यायचं, जबडा मिटलेला. पोटाच्या भिंतीत रोवलेल्या पोर्टमुळे हात उजवीकडे गेला की टोक डावीकडे जातं. ते गणित त्यांच्या डोक्यात चालू असतं, त्यात आपली भर नको. क्लिप अप्लायर देताना मुठीवर जराही दाब नको, नाहीतर क्लिप पित्ताशयाच्या नळीऐवजी कुठेतरी आतड्यांत पडते. सुई आत पाठवताना आणि बाहेर आणताना मी मोठ्यानं ‘आत एक’, ‘बाहेर एक’ म्हणते. आणि मोजणीत फक्त सुया-मॉप नाहीत. पोर्टचं रबरी टोपण, पोर्टचं तोंड अरुंद करणारा रिड्युसर, अवजाराच्या जबड्याचा स्क्रू, हेही मोजायचं. एका केसला टोपण सापडेना. एक्स-रेत रबर दिसेलच असं नाही. सगळं उलटंपालटं केलं. शेवटी ते स्कोपच्याच दांड्यावर कॅमेऱ्यापाशी सरकून बसलेलं निघालं, तोवर माझं निम्मं रक्त आटलं होतं.

मग एक दिवस पित्ताशयाच्या केसला पडदा एकदम लाल झाला. सरांनी दोन क्षण सक्शन करून पाहिलं आणि म्हणाले, ‘ओपन.’ इथे मात्र मला काही शिकावं लागलं नाही. ओपनचा ट्रे खोलीतच होता, मॉप सुरुवातीलाच मोजून फळ्यावर लिहिलेले होते. सर्क्युलेटिंगला म्हटलं, ‘आधी दिवा.’ लॅपमध्ये खोली अंधारी असते आणि अशा घाईत लोक अंधारातच चाकू मागतात. दिवा लागला, चाकू गेला, रिट्रॅक्टर गेला, गरम मॉप गेला. नऊ वर्षांचे हात आपोआप चालले. रक्तस्राव थांबल्यावर सर म्हणाले, ‘बरं झालं तुम्ही होतात.’ पोट बंद करताना मला चक्क मोकळं वाटत होतं. आत हात घालून काम चाललेलं किती महिन्यांनी पाहिलं!

पुढच्या महिन्यात हिस्टेरोस्कोपीला, म्हणजे गर्भाशयाच्या दुर्बिणीच्या केसेसना, लावलं आणि तिथला हिशेब वेगळाच निघाला. तिथे पोकळी फुगवायला गॅसऐवजी पाणी. मोनोपोलर कॉटरी (वीज पेशंटच्या अंगातून जाणारी) वापरायची असेल तर सलाइन चालत नाही, कारण त्यातून वीज पसरते, म्हणून १.५ टक्के ग्लायसिनचं द्रावण. त्यात सोडियम नसतं. गर्भाशयाच्या उघड्या शिरांतून ते रक्तात शिरत राहिलं की रक्तातलं सोडियम खाली येतं, आणि मग मेंदूला सूज, झटके, काहीही. म्हणून आत किती गेलं आणि बाहेर किती आलं याचा जमाखर्च सतत सर्क्युलेटिंग सिस्टरकडे. निरोगी बाईसाठी ग्लायसिनची तूट हजार मिलिलिटरला पोचली की थांबायचं. बायपोलर (वीज अवजाराच्या दोन टोकांतच राहणारी) आणि सलाइन असेल तर अडीच हजार. वय जास्त, हृदय किंवा किडनी कमजोर, तर त्याही आधी. ऐकायला सोपं. पण ड्रेपखालची पिशवी गळत होती आणि अर्धं पाणी फरशीवर. फरशीवरचं पाणी कुठल्या खात्यात धरायचं? मी नऊशे म्हटलं. मॅडम डॉक्टर म्हणाल्या, ‘त्यातलं निम्मं खाली सांडलंय, सिस्टर.’ असेल. पण मोजलेलं नव्हतं. मी परत म्हटलं, ‘मॅडम, माझ्याकडे नऊशे आहे.’ त्यांनी दोन मिनिटांत आवरतं घेतलं. पुढच्या केसला पिशवी मी स्वतः चिकटवली आणि खाली पाणी ओढणारी चटई टाकली.

केस संपली की सगळे निघून जातात आणि आमचं अर्धं काम सुरू होतं. शेवटी नळ उघडे ठेवून पोटातला गॅस काढायला सरांना आठवण करायची असते. उरलेला गॅस डायफ्रामला टोचत राहतो, आणि दुसऱ्या दिवशी पेशंट विचारतो, ‘सिस्टर, ऑपरेशन पोटाचं, मग खांदा का दुखतोय?’ डायफ्राम आणि खांदा, दोन्हीच्या नसा मानेत एकाच जागेहून निघतात, म्हणून.

त्यानंतर धुणं. अवजार ट्रॉलीवर असतानाच नळीतून निर्जंतुक पाणी सोडायचं, म्हणजे आत रक्त वाळत नाही. सलाइन नको, धातूला खड्डे पडतात. मग सुटे भाग वेगळे, एन्झाइमचं पाणी, पाण्याखाली ब्रश, आणि ब्रश स्वच्छ बाहेर येईपर्यंत ब्रश. पूर्ण कोरडं करायचं, कारण प्लाझ्मा स्टरिलायझरमध्ये ओल राहिली की मशीन सायकल मध्येच सोडून देतं आणि आपण दुसऱ्या केससमोर रिकाम्या हातानं उभं राहतो. घाईच्या यादीत कुणीतरी म्हणतंच, ‘वीस मिनिटं ग्लुटाराल्डिहाइडमध्ये टाका की.’ दोन टक्क्यांच्या द्रावणात वीस मिनिटांत जंतू मरतात, पण त्यांचे स्पोर, म्हणजे चिवट बीजाणू, मरत नाहीत. त्यासाठी दहा तास लागतात. आणि आत मळ असेल तर दहा तासही फुकट.

हे मला तोंडपाठ होतं. तरी एकदा मी मेरीलँड धुऊन, पुसून, ‘झालं’ म्हणून इनचार्ज सिस्टरांपुढे ठेवलं. बाहेरून लखलखत होतं. त्यांनी काही न बोलता बारीक ब्रश घेतला, दांड्यात एका बाजूनं घातला आणि दुसऱ्या बाजूनं ओढला. ब्रशच्या टोकाला करड्या रंगाची, दोऱ्यासारखी, बोटभर लांब चोथ्याची तार लटकत होती. त्यांनी ती पांढऱ्या गॉजवर ठेवली, गॉज माझ्यापुढे सरकवला आणि नळ सुरू केला.